गजावरची खूण

“पडद्याचे गज मागवले होते का हो कुणी?” आमच्या सौभाग्यवतींनी दारातूनच विचारले.

दाराशी साडेतीन-चार फूट लांबीचे एक अरुंद खोके पडले होते. स्थळ अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य, लँकेस्टर शहराबाहेरचे आमच्या लेकीचे घर. काळ गेल्या वर्षीचा मे महिना. परदेशी लेकीकडे सहा महिने राहायला गेलेल्या निवृत्त आईबापांचे दिवस कसे जातात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना मी काय सांगणार? भांडी यंत्र घासते, कपडे यंत्र धुते, आणि कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मोटार चालवणारा कुणीतरी घरी परतावा लागतो. त्यामुळे दाराशी खोके आले की आम्हां दोघांना तेवढाच सण वाटे.

खोके नातवाने फोडले. आत लाकडाचे दोन ओबडधोबड तुकडे, एक अष्टकोनी लोखंडी नळी, पितळेच्या पट्ट्या नि कड्या, स्क्रूंची पुडी, एक लाकडी गज आणि एक पातळशी पुस्तिका. पंधरा वर्षांचे ते पोर आनंदाने ओरडले, “आजोबा, रायफल!”

सौभाग्यवती मटकन खुर्चीत बसल्या. “अग बाई! टीव्हीवर त्या शाळांतल्या गोळीबाराच्या बातम्या बघवत नाहीत, आणि आपल्याच घरात बंदूक? जावईबापूंना म्हणावं, आधी हे उचला!”

मी काही बोललो नाही. माझे हात गार पडले होते. पण त्याचे कारण टीव्हीवरच्या बातम्या नव्हते. ते पुढे येईलच.

संध्याकाळी जावईबापूंनी खुलासा केला. ही आजकालची बंदूक नव्हे, ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी ठासायची, मग घोडा चढवायचा. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सारा संसार. नातवाने शाळेसाठी आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर काम घेतले होते आणि लँकेस्टरचा इतिहास या बंदुकीला सोडून सांगताच येत नाही. कायद्याचे म्हणाल, तर अमेरिकेच्या 1968 च्या केंद्रीय शस्त्रकायद्याने 1898 पर्यंतच्या जुन्या बंदुका आणि ठासणीच्या बंदुकांच्या नकला वेगळ्या काढल्या आहेत. राज्याराज्यांचे नियम मात्र निरनिराळे आहेत, ते पाहूनच त्यांनी स्वतःच्या नावावर हे किट घेतले होते. वाचकांपैकी कुणाचे हात शिवशिवू लागले असतील तर आधीच सांगून ठेवतो, आपल्याकडे हा उद्योग चालायचा नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बाळगणे जसा गुन्हा, तसा ती बनवणेही गुन्हाच.

घरात दोन दिवस अबोला झाला. अखेर सौभाग्यवतींच्या अटींवर तह ठरला. काम शेजारच्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये करायचे. दारूचा कण या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. आणि पोराबरोबर प्रत्येक मिनिट कुणीतरी मोठे माणूस हजर राहील. ते मोठे माणूस कोण? घरात रिकामा मी एकटाच होतो!

हे शेजारी म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त सुतारमास्तर. आयुष्यभर कपाटे केली आणि फावल्या वेळात अकरा ठासणीच्या रायफली. इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचे एक इवलेसे गाव आहे. ठासणीच्या बंदुका जोपासणाऱ्यांची 1933 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना तिथे नेमबाजीच्या जत्रा भरवते. आपल्याकडे वारकरी जसे पंढरीला, तसे हे गृहस्थ तिकडे.

त्यांनी आमचे किट पाहिले आणि हसून म्हणाले, “स्वस्तातलं आहे. काही हरकत नाही. जे पैशात वाचलंय ते घामात भरावं लागेल, एवढंच.”

किट चारशे डॉलरच्या आतबाहेर पडले होते. कसबी कारागिराने घडवलेली अशीच रायफल घ्यायला गेलात तर बोली हजारांत. फरक कुठे पडतो, तो मास्तरांनी पहिल्याच दिवशी बोटाने दाखवला. खऱ्या पेनसिल्व्हेनिया रायफलीचा दस्ता मॅपलच्या लाकडाचा, लाटालाटांचे रेशीम दिसावे तशा रेषांचा, आणि टोकापासून टोकापर्यंत अखंड. आमचा दस्ता बीच लाकडाचा, दोन तुकड्यांत, सांध्यावर पितळी पट्टी बसवून सांधा झाकलेला. जुन्या नळ्या चाळीस इंचांहून लांब, आमची तेहतिसाच्या घरात. पितळेला कारखान्यातला खडबडीतपणा तसाच, आणि लाकूड चौफेर जाडजूड सोडलेले. आत कुठेतरी बंदूक दडलेली आहे, तेवढी बाहेर काढायची!

या बंदुकीची कुळकथा मोठी गमतीची आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मन भाषा बोलणारे कारागीर या भागात येऊन वसले. मायदेशी ते आखूड, जाड नळीच्या शिकारी रायफली करीत. इथे जंगल अफाट, आणि शिसे व दारू मैलोगणती पाठीवर वाहायची. मग त्यांनी नळी लांबवली, तोंड अरुंद केले, म्हणजे गोळी लहान झाली आणि तेवढ्याच शिशात बार जास्त. नळीच्या आत पिळाचे आटे पाडलेले असत. तेल-मेणाच्या चिंधीत गुंडाळलेली गोळी त्या आट्यांतून भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडे आणि सरळ जाई. साध्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीने सैनिक मिनिटाला तीन बार काढी; रायफलवाल्याचा एखादाच, पण नेमका. लँकेस्टरच्या याकोब डिकर्टचे नाव या कामात गाजले. तो 1822 मध्ये वारला आणि त्याच्या हातच्या रायफली आज संग्रहालयांत काचेमागे आहेत. आणि दैवाचा खेळ असा, की पेनसिल्व्हेनियात जन्मलेली ही बंदूक जगभर ‘केंटकी रायफल’ म्हणून ओळखली जाते. न्यू ऑर्लीन्सच्या 1815 च्या लढाईनंतर केंटकीच्या शिकाऱ्यांवर एक गाणे लोकप्रिय झाले, त्याने हे बारसे केले. राबावे एकाने आणि नाव दुसऱ्याचे, हे काही आपल्याकडेच होते असे नाही.

नातवाला एक शंका होती. “किट जोडणं म्हणजे चीटिंग नाही का?” मास्तर म्हणाले, “त्या काळचे कारागीरसुद्धा घोड्याचं यंत्र बहुधा इंग्लंड-जर्मनीहून आलेलं दुकानातून विकत घ्यायचे. तू फक्त त्यांच्याहून चार वस्तू जास्त विकत घेतल्यास.”

काम सुरू झाले. पुस्तिकेत दोन ओळींत उरकलेली गोष्ट आम्हांला दोन आठवडे पुरली. घोड्याचे यंत्र लाकडातल्या खाचेत असे बसायला हवे की कडेने पोस्टकार्ड शिरता कामा नये. खाच कुठे अडते ते डोळ्याला दिसत नाही. त्यावर मास्तरांचा उपाय ऐकून मला हसू आले. त्यांनी एक मेणबत्ती लावली आणि यंत्राची पोलादी पाठ ज्योतीवर धरून तिच्यावर काजळी धरली. आमची आजी तुपाच्या दिव्यावर चांदीची वाटी उपडी घालून काजळ धरीत असे, अगदी तसेच! मग ते यंत्र खाचेत हलके दाबून उचलायचे. लाकूड जिथे टेकते तिथे काळा ठिपका उमटतो. पटाशीने तेवढाच ठिपका खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा ठिपका. शंभर वेळा, दीडशे वेळा. “जिथे काळं, तिथेच काढा,” एवढाच त्यांचा मंत्र.

मी हा मंत्र दहा दिवस पाळला. अकराव्या दिवशी नातू शाळेत, मास्तर दवाखान्यात आणि मी एकटा. वाटले, नळीच्या मागच्या पट्टीची खाच तेवढी संपवून पोराला चकित करावे. कोण काजळी धरीत बसणार? डोळ्याच्या अंदाजाने पटाशी चालवली, आणि दोन सुताची फट पडली. लाकूड काढता येते. लावता येत नाही. संध्याकाळी मास्तरांनी फट पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. नातू मात्र फुरंगटला. “आजोबा, तुम्ही मला थांबायला सांगता आणि स्वतः नाही थांबलात!” उत्तर नव्हते. मास्तरांनी त्याच लाकडाची एक कापटी तासून, रेषेला रेषा जुळवून सरसात बसवली. आजही नीट पाहिले तर ते थिगळ दिसते. दाखवायला मला लाज वाटते, म्हणून येथे लिहून टाकतो.

नळीला रंग चढवायची तऱ्हा तर मुलखावेगळी. रंग म्हणजे गंज! तेलाचा अंश राहू न देता नळी पुसायची, तिच्यावर एक औषध फासायचे आणि दमट जागी ठेवायची. दुसऱ्या दिवशी तांबूस गंज चढला की तो जाड कापडाने घासायचा आणि पुन्हा औषध. आठवडाभराने नळीला पिकल्या जांभळासारखा तपकिरी रंग येतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन गंज जागीच थांबवायचा आणि वर तेलाचा हात. मी मास्तरांना सांगितले, “आमच्या कोकणात मृग लागला की हे काम देव फुकट करतो. फक्त थांबवत नाही!”

दस्त्याला पाणी लावून लाकडाची लव उभी करायची, ती पॉलिशकागदाने उतरवायची, असे तीनदा केल्यावर जवसाचे तेल तळहाताने चोळायचे. येथे एक इशारा गृहिणींच्याही उपयोगाचा आहे. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. आम्ही त्या अंगणात पसरून वाळवत असू, आणि रस्त्याने जाणाऱ्यांना वाटे हिंदुस्थानी लोकांचे काही व्रत चालू आहे.

पितळेची वेळ आली तेव्हा एक नवल घडले. बाजारचे पॉलिश घासून आम्ही दमलो आणि गॅरेजच्या दारात सौभाग्यवती उभ्या! हातात भिजवलेल्या चिंचेची वाटी. “देवाची समई काय त्या पॉलिशने घासता? द्या इकडे.” पाऊण तासात दस्त्याच्या टाचेची पट्टी सोन्यासारखी झाली. मास्तरांनी चिंच हुंगून पाहिली, चाखून पाहिली आणि दुकानाचा पत्ता मागितला.

गोळीभोवतीच्या चिंधीला काय लावायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा मात्र मी जागा झालो. मास्तरांच्या फळीवर चरबीचे डबे होते. नातवाने विचारले, “कोणती चालेल, आजोबा?” मी त्याला 1857 ची गोष्ट सांगितली. एन्फील्ड रायफलही ठासणीचीच, पिळाच्या नळीची. तिची काडतुसे दाताने फोडावी लागत आणि त्यांना गाईडुकरांची चरबी लावल्याची वार्ता छावण्यांतून पसरली. बराकपूरला मंगल पांडे 29 मार्चला उठला, मीरत 10 मेला पेटले. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते. “म्हणजे एका चिंधीपायी साम्राज्य हाललं!” ते म्हणाले. कारणे आणखीही होती, पण मी ताणून धरले नाही. आमच्या चिंध्यांना मधमाश्यांचे मेण आणि ऑलिव्हचे तेल लागले.

राहिला गज. गोळी ठासायची ती लांब काठी. तासायची नाही, घडवायची नाही. तेल लावले की झाले, असे मला वाटत होते. मास्तरांनी तो रिकाम्या नळीत तळापर्यंत सोडला आणि नळीच्या तोंडाशी पेन्सिलीची रेघ मारली. “ही रेघ तोंडाला लागली तर बंदूक रिकामी. भरलेली असेल तर गज वर राहील. त्या जागी दुसरी रेघ मारू. आणि तीही वर राहिली, तर आत दोन बार आहेत. मग ती बंदूक उडवायची नाही. एवढी खूण कोरून घ्या.”

चाकू नातवाने माझ्या हातात दिला. माझा हात थरथरू लागला. तो म्हणाला, “आजोबा, काय झालं?”

साठ वर्षे जे कुणाला सांगितले नव्हते, ते मी त्या गॅरेजमध्ये त्याला सांगितले.

1965 सालचा ऑक्टोबर. लांज्याच्या पुढचे आमचे गाव, मी दहा वर्षांचा, दिवाळी चार दिवसांवर. आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. गरवे भात अजून शेतात उभे, आणि डुकरे रात्रीत वाफाच्या वाफा लोळवून टाकीत. राखणीला वडील आणि धाकटे काका पाळीने माळ्यावर जात. त्या दिवशी वडिलांनी दुपारीच बंदूक भरून खुंटीला अडकवली आणि त्यांना अचानक रत्नागिरीला जावे लागले. निघताना मला म्हणाले, “बंदूक भरलेली आहे असं काकाला सांग. विसरू नकोस.”

मी अंगणात किल्ला करीत होतो. बुरूज ढासळत होता, त्याला चिखलाचा थर देत होतो. मान हलवली. काका संध्याकाळी आले, जेवले, बंदूक घेऊन गेले. मी किल्ल्यावर मोहरी पेरीत होतो.

माळ्यावर काळोखात काकांनी सवयीप्रमाणे बंदूक भरली. दारू, नारळाच्या सोडणाचा बोळा, छर्रे. भरलेल्यावर पुन्हा भरले. गज चार बोटे वर राहिला असेल. काळोखात कोण बघतो, आणि गजाला खूण कुठे होती? पहाटे डुकरे आली. नळी मागच्या अंगाला फुटली. डाव्या हाताची दोन बोटे गेली आणि उजवा डोळा गेला.

आजोबांनी बंदूक आणि परवाना ठाण्यात जमा केला. काकाच कुठेतरी चुकला असे घरात ठरले. वडिलांनी मला एकदाच विचारले, “सांगितलं होतंस ना?” मी म्हणालो, “हो.” त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पुढल्या वर्षी किल्ला करायला काका माझ्याशेजारी येऊन बसले, आठ बोटांनी चिखल कालवीत. एका शब्दाने त्यांनी कधी काही विचारले नाही. 1998 मध्ये ते गेले. अनेकदा वाटले, सांगावे. गाडीत बसून गावी जाईपर्यंत धीर असे, ओटीवर त्यांना पाहिले की जात असे.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण त्यांनी तुम्हांला विचारलं का नाही? त्यांना माहीत होतं?”

“कुणास ठाऊक,” मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातला चाकू घेतला नाही. गज तेवढा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, आणि मी खूण कोरली. मग त्याने जळत्या सुईने खुणेशेजारी बारीक देवनागरी अक्षरे डागली : ‘रिकामी’. वेलांटी चुकीच्या बाजूला पडली होती, ती तशीच राहिली.

सप्टेंबरात मास्तरांच्या क्लबच्या मैदानावर पहिला बार झाला. नळीवर ‘फक्त काळ्या दारूसाठी’ असे कोरलेलेच होते. हल्लीची बिनधुराची दारू या नळीत घातली तर ती फुटायचीच. माप पुस्तिकेतले, कण जास्त नाही. आणि तेही डब्यातून थेट नळीत न ओतता आधी मापात घेऊन, कारण आत ठिणगी राहिली असेल तर डबाच हातात उडायचा. पहिला बार खांद्यावरून नाही. बंदूक जुन्या टायरला बांधली, चापाला लांब दोरी लावली, आणि आम्ही सारे मातीच्या बांधामागे बसलो. सौभाग्यवती मोटारीत, काचा वर, दोन्ही कानांत बोटे.

“दोरी आजोबांनी ओढायची,” नातू म्हणाला.

मी ओढली. गारगोटी पोलादावर झडली, कान्याजवळची रंजक भस्सकन पेटली, आणि पापणी लवते न लवते तोच बार झाला. पांढरा धूर बांधावरून आमच्या अंगावर आला. गंधकाचा तो वास! नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात असतो तोच. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा मास्तर नळीवरून बोटे फिरवीत होते. तडा नव्हता. माझे ते थिगळसुद्धा हलले नव्हते.

त्यानंतर पोराने खांद्याला लावून पाच बार काढले. दोन पाटीच्या बाहेर गेले, तीन कडेला लागले. पण दर बाराआधी तो गज नळीत सोडी, खूण तोंडाला लागते का ते वाकून बघे आणि मोठ्याने म्हणे, “रिकामी!” मगच दारूच्या मापाला हात लावी. तिसऱ्या वेळी मास्तरांनी मला या शब्दाचा अर्थ विचारला. चौथ्या वेळी पोराने गज सोडला आणि तो बोलायच्या आतच मास्तरांनी पलीकडून दटावल्यासारखे विचारले, “रिकामी?”

उच्चार अगदी वाईट होता. नातवाने वाकून पाहिले आणि ओरडला, “रिकामी!”